आठवीची समीकरणं सारखी चुकतात? बिघाड या क्रमानं शोधा

क्ष + ५ = १२ मुलगा चुटकीसरशी सोडवतो. ३(क्ष − ४) − २(क्ष − ५) = ७ असं काही समोर आलं की उत्तर भलतंच. पुन्हा समजावलं की मान हलवतो, समोर बसून एक बरोबर करून दाखवतो, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. बेळगावात शहापूरकडे मी संध्याकाळची ट्युशन घेते. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही माध्यमांची मुलं एकाच सतरंजीवर बसतात, आणि दसऱ्याची सुट्टी जवळ आली की तिन्हीकडच्या आयांची तक्रार एकच असते: बाकी सगळं येतंय, समीकरणं तेवढी येईनात. ज्या क्रमानं मी तपासते तो क्रम इथं देतेय. वहीत मुलं इंग्रजी एक्स लिहितात, मी इथं क्ष लिहिलाय, एवढाच फरक.

लक्षणं

आधी वही उघडून यातलं कोणतं दिसतंय ते बघा.

• आकडा बरोबर, चिन्ह उलटं.
• ५क्ष = २० वरून क्ष = १५.
• ८क्ष = २ वरून क्ष = ४. मोठ्याला लहानानं भागायची सवय.
• एकाच ओळीत बरोबरच्या चिन्हांची रांग: ३क्ष + ५ = २० = ३क्ष = १५ = ५.
• पूर्णांकांची गणितं ठीक, अपूर्णांक आला की पान लाल.
• समीकरण दिलं तर सुटतं, शाब्दिक उदाहरण दिलं तर मांडताच येत नाही.
• रोज नवी चूक. हे सगळ्यात फसवं लक्षण. पालकांना वाटतं लक्ष नाही. बहुतेक वेळा मूळ ऋण संख्यांत निघतं, ते पाचव्या तपासणीत येईल.

तपासायला बसताना मुलाला पेन द्या आणि खोडरबर काढून घ्या. खोडलेली चूक शोधता येत नाही. आणि तो सोडवत असताना मध्ये बोलू नका, "अरे अरे" सुद्धा नाही. तुमच्या चेहऱ्याकडे बघून चिन्ह बदलणारी मुलं मी पुष्कळ बघितली आहेत.

१. पहिली ओळ नीट उतरवली आहे का?

फुकटची तपासणी, आणि हीच लोक विसरतात. पुस्तकातलं समीकरण आणि वहीतली पहिली ओळ बोट ठेवून ताडून बघा. वजाचं चिन्ह गळलेलं असतं, ६ चा ० झालेला असतो, किंवा वरच्या उदाहरणाची डावी बाजू आणि खालच्याची उजवी बाजू एकत्र आलेली असते. एक्स वाकडा काढला की तो गुणाकाराच्या चिन्हासारखा दिसतो आणि दोन ओळींनंतर मुलगा खरंच गुणाकार करतो. एक्स दोन गोलाकार रेषांनी काढायला लावा आणि गुणाकारासाठी कंस वापरायला सांगा, हा गोंधळ तिथंच मिटतो.

उतरवण्याच्या चुका फळ्यावरून लिहिताना जास्त आणि पुस्तकातून लिहिताना कमी होत असतील, तर पुढचं काही न करता आधी डोळे तपासून घ्या. चष्म्याचा नंबर लागलेला असतो आणि घरात महिनोन्महिने बीजगणितावरून भांडण चाललेलं असतं.

२. वहीची मांडणी

एका ओळीत एकच समीकरण. बरोबरची चिन्हं एकाखाली एक. यासाठी मी चौकटीची वही घ्यायला लावते. रेघोट्यांच्या वहीपेक्षा फार महाग नसते आणि निम्मी घाण त्यातच साफ होते.

हे का महत्त्वाचं, तर बरोबरच्या चिन्हांची रांग हा नुसता गबाळेपणा नाही. ३क्ष + ५ = २० = ३क्ष असं लिहिणारं मूल त्या चिन्हाचा अर्थ "आता पुढचं काम" असा घेतंय. पहिली-दुसरीपासून त्यानं ४ + ३ = असं लिहून पुढे उत्तर भरलंय, त्यामुळे चूक त्याची एकट्याची नाही. पण समीकरणात ते चिन्ह म्हणतं, दोन्हीकडचं मोल सारखं आहे. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञानं १५५७ मध्ये ते छापलं तेव्हा कारण दिलं होतं की दोन समांतर रेघांहून जास्त सारख्या दोन वस्तू असूच शकत नाहीत. मुलाला एवढं विचारा: "२० आणि ३क्ष सारखे आहेत का?" नाही म्हणाला की वही त्याच्याच हातानं दुरुस्त होते.

३. चुकलेली ओळ शोधा

या लेखातलं एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या. उत्तरसूची लागत नाही. मुलाचं जे चुकीचं उत्तर आलंय, तेच घ्या आणि वहीत खालून वर चढत जा. प्रत्येक ओळीत क्ष च्या जागी ते घालायचं आणि दोन्ही बाजू जुळतात का बघायचं. जी ओळ पहिल्यांदा जुळत नाही, ती आणि तिच्या खालची ओळ यांच्या मध्येच चूक झाली आहे.

ट्युशनमधलंच उदाहरण:

३(क्ष − ४) − २(क्ष − ५) = ७
३क्ष − १२ − २क्ष − १० = ७
क्ष − २२ = ७
क्ष = २९

२९ घेऊन वर चला. तिसरी ओळ: २९ − २२ = ७, जुळलं. दुसरी: ८७ − १२ − ५८ − १० = ७, जुळलं. पहिली: ३ × २५ − २ × २४ = ७५ − ४८ = २७. हवे होते ७. म्हणजे हा मुलगा पदं एकत्र करायला चुकलेला नाही, बाजू बदलायलाही चुकलेला नाही. पहिल्या ओळीवरून दुसरीवर येताना, कंस सोडताना, −२ आणि −५ चा गुणाकार +१० न लिहिता −१० लिहिला, बस्स. तेवढं सुधारलं की क्ष − २ = ७, क्ष = ९, आणि पडताळा ३ × ५ − २ × ४ = ७.

हे न करता काय होतं ते सांगते. पालक सगळं पहिल्यापासून शिकवायला घेतात. पाऊण तास मुलाला जे येतं तेच ऐकवलं जातं, आणि जे येत नाही त्या एका जागेवरून हात दोन मिनिटांत फिरतो. मूल कंटाळतं, तुम्ही चिडता.

एका गणितात दोन चुका असतील तर या पद्धतीनं आधी शेवटची चूक सापडते. ती सुधारून नवं उत्तर काढा आणि पुन्हा खालून वर. मोबाईलचा कॅल्क्युलेटर इथं खुशाल वापरू द्या, आपण जागा शोधतोय, आकडेमोडीची परीक्षा घेत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखा: उतरवणं, चिन्ह, कंस, भागाकार. चूक सापडली की त्या रकान्यात एक रेघ. आठवडाभरात कोणता रकाना भरतो ते दिसतं, आणि खालच्यापैकी कुठे जायचं ते कळतं.

४. "पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं"

माझं स्पष्ट मत आहे की आठवीच्या बीजगणितात सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्यानं केलंय. वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. मिळवलेल्या किंवा वजा केलेल्या पदापुरतं ते खरं आहे. क्ष + ५ = १२ मध्ये आपण दोन्ही बाजूंतून ५ वजा करतो, म्हणून उजवीकडे −५ दिसतो. काही उडी मारून गेलेलं नसतं.

पण मुलाला फक्त उडी आठवते. मग ५क्ष = २० मध्येही ५ उडतो, चिन्ह बदलतो, २० − ५ = १५. आणि −४क्ष = १२ मध्ये मुलगा म्हणतो, "चार पलीकडे नेला, वजाचा अधिक झाला," आणि १२ ला ४ नं भागून ३ लिहितो. उत्तर −३.

उपाय कंटाळवाणा आहे. पंधरा दिवस "पलीकडे" हा शब्द घरात बंद. प्रत्येक ओळीच्या उजव्या कडेला, दोन्ही बाजूंना काय केलं ते लिहायचं:

७ − ४क्ष = १९
−४क्ष = १२ (दोन्ही बाजूंतून ७ वजा)
क्ष = −३ (दोन्ही बाजूंना −४ नं भागलं)

मुलं कुरकुरतात. "एवढं कशाला लिहायचं ओ टीचर, उत्तर येतंय की!" लिहायला लावा. शेरा लिहिताना हात थांबतो, आणि त्या थांबण्यातच ५क्ष मध्ये गुणाकार आहे हे डोळ्याला दिसतं. ८क्ष = २ चंही तसंच: क्ष ला कोण गुणतंय? ८. मग ८ नंच भागायचं, लहान असो की मोठं. क्ष = १/४. पंधरा दिवसांनी शेरे आपोआप गळतात, परीक्षेत लिहायची गरज नसते.

वरच्याच उदाहरणात आणखी एक चूक लपलेली असते. ७ काढून टाकताना मुलगा ४ च्या मागचं वजाही ७ बरोबर घालवतो आणि ४क्ष = १२ लिहितो. त्याला ते चिन्ह दोघांच्या मधलं वाटतं. प्रत्येक पदाभोवती, त्याच्या डावीकडच्या चिन्हासकट, पेन्सिलीनं गोल काढायला लावा. गोलातलं चिन्ह गोलाबरोबरच राहतं.

५. ऋण संख्या

इथपर्यंत येऊनही चुका थांबल्या नाहीत, तर समीकरणाचं पुस्तक मिटा आणि ही दहा उत्तरं तोंडी विचारा:

५ − १२, −७ + ३, −७ − ३, −७ − (−३), −६ × २, −२ × −५, −१२ ÷ −४, २० ÷ −५, −(−६), −१ × ९.

दोनपेक्षा जास्त चुकली तर बिघाड बीजगणितात नाहीच. सातवीचं राहिलेलं काम आठवीत वर आलंय, आणि एका समीकरणात चार ठिकाणी चिन्ह येत असल्यामुळे रोज वेगळ्या जागी चूक दिसते.

सगळ्यात जास्त चुकतं ते −७ − ३. मुलं ठामपणे १० सांगतात: "वजा वजा अधिक!" गुणाकाराचा नियम बेरजेला लावलाय. यावर नियम पाठ करून घेण्यापेक्षा कर्जानं समजावलेलं लवकर बसतं. दुकानात ७ रुपये उधारी आहे, आणखी ३ ची उधारी केली, एकूण किती? कोणतंच मूल मला "१० रुपये जमा" असं सांगत नाही. ब्रह्मगुप्तानं सन ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले तेही संपत्ती आणि कर्ज याच भाषेत, तेव्हा ही काही ट्युशनवाल्यांची युक्ती नव्हे.

वजा गुणिले वजा मात्र उधारीनं पटत नाही, ओढूनताणून पटवूही नका. त्यापेक्षा ही रांग लिहा:

३ × (−२) = −६
२ × (−२) = −४
१ × (−२) = −२
० × (−२) = ०

प्रत्येक पायरीला उत्तर २ नं वाढतंय. पुढची ओळ −१ × (−२). मूल स्वतःच २ म्हणतं. कारण त्याच्या डोळ्यासमोर असतं, म्हणून ते टिकतं. दोन आठवडे रोज दहा मिनिटं एवढंच करा आणि मगच समीकरणांकडे परत या. शाळेत धडा पुढे पळतोय म्हणून पालकांचा जीव खालीवर होतो, पण ही घाई परवडत नाही. दहावीला एसएसएलसीत (कर्नाटकच्या बोर्डाच्या परीक्षेत) दोन चलांची समीकरणं आणि वर्गसमीकरणं याच चिन्हांवर उभी असतात.

६. कंस

वर पाहिलाच. कंसाबाहेरचा आकडा आतल्या प्रत्येक पदाला गुणतो, आणि बाहेर वजा असेल तर तेही गुणतं. कंसाबाहेरून आत प्रत्येक पदापर्यंत बाण काढायला लावा, दोन पदं तर दोन बाण. नुसतं −(क्ष − ३) असेल तर बाहेर १ लिहून घ्या, −१(क्ष − ३). न दिसणारा १ मुलं विसरतात.

७. अपूर्णांक

क्ष/२ + १ = क्ष/३ + ३

लसावि ६. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पदाला ६ नं गुणायचं: ३क्ष + ६ = २क्ष + १८, क्ष = १२. पडताळा: ६ + १ = ७, ४ + ३ = ७.

चुकणारं मूल ३क्ष + १ = २क्ष + ३ लिहितं आणि क्ष = २ काढतं. ज्यांना छेद दिसतो त्यांनाच गुणलं, १ आणि ३ तसेच राहिले. याचं मूळ तिरकस गुणाकारात (एका बाजूचा अंश दुसऱ्या बाजूच्या छेदानं गुणण्यात) आहे. ती पद्धत दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तेव्हाची. सोबत आणखी पद असेल तर ती बंद, निदान आठवीत तरी. सुट्या पूर्णांकाखाली १ चा छेद लिहून घेतला की तो गुणायचा राहत नाही.

दुसरी जागा: क्ष/३ − (क्ष − २)/४ = २. लसावि १२ नं गुणल्यावर ४क्ष − ३(क्ष − २) = २४ यायला हवं, आणि उत्तर १८. अपूर्णांकाची आडवी रेघ अंशाला आपोआप कंस घालते. रेघ गेली की तो कंस आपण हातानं घालायचा असतो. न घातला तर ४क्ष − ३क्ष − २ = २४ होऊन २६ येतात. अपूर्णांकात अडकलेल्या मुलाला आधी नुसता लसावि काढता येतो का हेही बघून घ्या. पाढे कच्चे असतील तर उगाच बीजगणिताला दोष देऊ नका.

जाता जाता: २(क्ष + ३) = २क्ष + ६ सोडवताना क्ष उडून जातो आणि ६ = ६ उरतं. मूल घाबरून क्ष = ० लिहितं. हा बिघाड नाही. कोणतीही संख्या चालते असा त्याचा अर्थ. ६ = ५ उरलं तर कोणतीच चालत नाही. आणि ५क्ष = ० आलं तर क्ष = ० हे चक्क खरं उत्तर आहे.

८. शाब्दिक उदाहरणं

आपल्या भागात याला एक जास्तीचा पदर आहे. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलं मूल आठवीला इंग्रजी किंवा कन्नड माध्यमाच्या हायस्कूलला जातं. "फाइव्ह लेस दॅन थ्राइस अ नंबर" वाचताना पाच आधी दिसतो, म्हणून वहीत ५ − ३क्ष येतं. त्याला तेच घरच्या बोलीत म्हणायला सांगा: एका संख्येच्या तिपटीपेक्षा पाचानं कमी. बोलता बोलता ३क्ष − ५ हातातून उतरतं. अडलं की मराठीत सांगून बघ, मग लिही, एवढी सवय लावली तरी पुष्कळ झालं. ज्या घरात कन्नड बोलतात तिथं कन्नडमध्ये सांगावं.

वयांचं उदाहरण नेहमीचं. वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट आहे, १२ वर्षांनी दुप्पट होईल. बरोबर मांडणी ३क्ष + १२ = 
२(क्ष + १२), क्ष = १२, वडील ३६. कंस विसरला की ३क्ष + १२ = २क्ष + १२ आणि क्ष = ०. मुलगा शून्य वर्षांचा, बापही शून्य वर्षांचा! उत्तर पुन्हा गोष्टीत घालून बघायला लावा. ज्या मुलीनं वहीत हे शून्य वर्षांचे वडील दुहेरी रेघ ओढून सोडून दिले होते, तिला तेच मोठ्यानं वाचायला सांगितलं तर ती हसत सुटली आणि कंस तिनं न सांगता घातला.

कधी थांबायचं

ऋण संख्या आणि कंस यांवर महिनाभर नेमानं काम करूनही रकान्यातल्या रेघा कमी होत नसतील, तर घरचा प्रयोग थांबवा आणि शाळेच्या गणिताच्या सरांना किंवा बाईंना भेटा. वर्गात ते मूल काय करतं हे त्यांनाच माहीत असतं. ट्युशन बदलणं हा त्यानंतरचा विचार.

गणित म्हटलं की पोटात दुखतं, रडू येतं, शाळा बुडवायची इच्छा होते, असं असेल तर सराव वाढवू नका. त्या आठवड्यात समीकरणं नकोत. शिकवणाऱ्याचा आवाज चढत असेल तर शिकवणारा बदला, मग ते वडील असोत नाहीतर थोरला दादा.

आणि पहिली-दुसरीपासूनच आकड्यांशी झगडा चालू असेल, म्हणजे दोन संख्यांत मोठी कोणती हे पटकन सांगता येत नाही, घड्याळ वाचता येत नाही, दुकानात सुट्टे किती परत यायला हवेत ते कळत नाही, २६ चे ६२ होतात, तर हा बीजगणिताचा प्रश्न नाही. मानसशास्त्रज्ञाकडून किंवा विशेष शिक्षकाकडून तपासणी करून घ्या. डिस्कॅल्क्युलिया म्हणतात तो प्रकार असू शकतो. बुद्धी कमी असण्याशी त्याचा संबंध नाही. अशा अध्ययन अक्षमतेचा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत सवलती मागता येतात. हे दहावीच्या तोंडावर नको, आठवीतच करा.

कुणाकडेही गेलात तरी सोबत चुकांची वही न्या, तीच पेनानं लिहिलेली, शेवटच्या पानावर रकाने असलेली. पालक नवी कोरी वही घेऊन त्यात नीट उतरवलेली गणितं आणतात. त्यातून बघणाऱ्याला काहीच कळत नाही.